नंबर आहे, पार्ट नाही

तिचं नाव पीआर १४७. मुक्काम जुन्या पनवेलमधल्या एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात, निळ्या सिलिकॉन मॅटवर उघडून ठेवलेल्या मदरबोर्डवर. आकार साधारण तीन मिलिमीटर लांब, दीड मिलिमीटर रुंद. समोरासमोर दोन चंदेरी पट्ट्या, मधे मोकळी फट, कडेला पांढऱ्या शाईत छापलेलं नाव. एका बाजूला काळा चौकोनी मॉस्फेट बसलाय, दुसऱ्या बाजूला करड्या पेटीतली जाडजूड कॉइल. आजूबाजूला पार्टांची एवढी दाटी की टोकदार चिमटा घालायलाही वाव नाही. त्या दाटीत ही रिकामी.

नावातला पी म्हणजे पॉवर. बोर्डाच्या वीजपुरवठ्याच्या भागात तिची नेमणूक. आर म्हणजे रेझिस्टर. तिच्या पुढच्याच घरी पीसी १४९ आहे. तिथे कपॅसिटर यायचा होता, तोही आलेला नाही. दोघी एकाच तांब्याच्या रेषेने जोडलेल्या आणि दोघी मोकळ्या. इथून कोणी उठून गेलेलं नाही, इथे कधी कोणी बसलंच नाही. लॅपटॉपचं खोकं पहिल्यांदा उघडलं तेव्हाही ती अशीच होती, आणि त्याआधी कारखान्याने बोर्ड पास केला तेव्हाही.

बोर्डावर नजर सरावली की तिच्या बहिणी दिसायला लागतात. कुठे तीन टिकल्या, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांसाठी. कुठे आठ पायांच्या आयसीची जागा, कुठे कनेक्टरसाठी ओळीने पाडलेली भोकं. डेस्कटॉपच्या स्वस्त मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेला वीज पुरवणाऱ्या कॉइलींची रांग असते. त्या रांगेत अधूनमधून दात पडल्यासारखी खिंडारं दिसतात. सगळ्यांना नंबर आहेत.

आणि नंबर आहे म्हणूनच तिच्या वाट्याला पहिल्यांदा संशय येतो.

दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप परत न्यायला गिऱ्हाईक येतं. चौकस गिऱ्हाईक असेल तर झाकण लावण्याआधी आत डोकावतं.

‘‘दादा, इथला पार्ट कुठे गेला?’’

‘‘काका, तो नव्हताच.’’

‘‘नव्हता कसा? नंबर लिहिलाय ना!’’

काकांचा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्या देशात नंबर लागायला रांगेत उभं राहावं लागतं, तिथे नंबर पडून माणूस हजर नाही म्हणजे मधे कोणीतरी काहीतरी केलेलं असणार. ‘दुरुस्तीला टाकला की चांगले पार्ट काढून घेतात’ ही आपल्याकडची जुनी धास्ती, आणि ती अगदीच हवेतून आलेली नाही. म्हणून जाणता मेकॅनिक बोर्ड हातात घेतला की आधी गिऱ्हाइकासमोर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवतो. पुढे वाद झाला तर पीआर १४७ च्या निर्दोषपणाचा पुरावा त्याच्या मोबाइलमध्ये असतो.

फोटो नसला तरी तिच्या अंगावर पुरावा आहे, तो मायक्रोस्कोपखाली दिसतो. कारखान्यात पार्ट बसण्याआधी बोर्डावर स्टीलचा पातळ पत्रा, म्हणजे स्टेन्सिल, ठेवून त्याच्या भोकांमधून सोल्डर पेस्ट फासतात. बऱ्याचदा या पत्र्याला सगळ्याच जागांची भोकं असतात. कोण येणार आणि कोण नाही हे त्याला ठाऊक नसतं. मग पार्ट ठेवणारं मशीन आपली यादी बघत एकेक पार्ट उचलून जागेवर टेकवतं, आणि बोर्ड भट्टीतून जातो. पीआर १४७ ला पेस्ट मिळाली, भट्टीची धगही मिळाली, फक्त पार्ट मिळाला नाही. पेस्ट वितळली, स्वतःच्या पृष्ठताणाने फुगीर झाली आणि तशीच थिजली. त्यामुळे तिचे दोन्ही उंचवटे गुळगुळीत आणि एकसारखे आहेत. काही कारखाने अशा जागांची भोकं बुजवलेला पत्रा वापरतात, तिथे पट्ट्या सपाट राहतात. दोन्हींत एक गोष्ट समान: हात लागल्याची खूण नाही.

उपटलेल्या पार्टाची जागा अशी नसते. कथिलाला टोक आलेलं असतं, एका बाजूची पट्टी उचकटलेली असते, किंवा भोवती हाताने लावलेल्या फ्लक्सचा तपकिरी डाग असतो. पनवेलच्या पावसाळ्यात दुकानात ‘पाणी गेलेले’ बोर्ड येतात, त्यांचा प्रकार आणखी वेगळा. गंजाने पार्टाचा पाय खाल्ला जातो, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुतला की हिरव्या बुरशीसारखा थर निघतो आणि त्याबरोबर पार्टही निघून येतो. आता समोर पाच जागा रिकाम्या. त्यांतल्या दोन जन्माच्या, तीन पाण्याने झालेल्या. चुकीच्या जागी पार्ट लावला तर बोर्ड जिवंत व्हायच्या ऐवजी कायमचा मरतो.

इथे डोळे पुरत नाहीत, कागद लागतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन फायली उघडतात. एक स्कीमॅटिक, म्हणजे कोण कोणाशी कशासाठी जोडलंय याचा नकाशा. दुसरी बोर्डव्ह्यू, म्हणजे प्रत्येकजण प्रत्यक्ष कुठे बसलाय त्याचं चित्र. या फायली लॅपटॉपच्या कंपन्या दुकानांना देत नाहीत; त्या मेकॅनिकांमध्ये हातोहात फिरतात. त्यांत पीआर १४७ ची खरी ओळख लिहिलेली असते. एचपी, डेल, लेनोवो, एसर अशी नावं लावून विकले जाणारे बरेच लॅपटॉप मुळात कंपाल, क्वांटा, विस्ट्रॉन अशा तैवानी कंपन्यांनी आखलेले असतात, आणि न बसवायच्या पार्टासाठी प्रत्येकीची खूण निराळी. कंपालच्या नकाशात पार्टापुढे ‘अॅट द रेट’चं चिन्ह येतं. क्वांटाच्या नकाशात चांदणी येते. विस्ट्रॉन ‘डीवाय’ लिहिते, म्हणजे डमी. खूण दिसली की मेकॅनिक मल्टिमीटरची टोकं दुसरीकडे वळवतो. नवशिका पोरगा मात्र त्या खुणेकडे दुर्लक्ष करून पार्ट शोधायला ड्रॉवर उपसत बसतो.

खूण तिची ओळख सांगते, कारण सांगत नाही. त्यासाठी तिच्या जन्मापर्यंत जायला हवं.

अॅडॅप्टरमधून लॅपटॉपला साधारण एकोणीस व्होल्ट मिळतात. आतल्या चिपांना मात्र पाच, ३.३ किंवा त्याहूनही कमी व्होल्ट लागतात. हे उतरवण्याचं काम तिचा शेजारी मॉस्फेट करतो. तो सेकंदाला काही लाख वेळा उघडतो आणि मिटतो, आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी आलेली वीज कॉइल सलग करून पुढे देते. प्रत्येक उघडझापीला त्या सांध्यावरचं व्होल्टेज उसळून थरथरतं. थरथर जास्त झाली तर मॉस्फेटवर ताण येतो आणि तिच्यातून रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडतो. त्यावर उपाय म्हणजे सांध्यापासून जमिनीपर्यंत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर एकामागोमाग लावायचे. ते थरथर गिळतात. या जोडीला स्नबर म्हणतात. पीआर १४७ आणि पीसी १४९ या त्या जोडीच्या जागा.

आता पंचाईत अशी की थरथर नेमकी किती होईल हे संगणकावर आखताना पक्कं कळत नाही. ते तांब्याच्या रेषांच्या लांबी-रुंदीवर, मॉस्फेटच्या स्वभावावर, कॉइलवर अवलंबून असतं. बोर्ड बनून आला, ऑसिलोस्कोपचं टोक लावलं, की मगच खरं समजतं. म्हणून इंजिनिअर आखतानाच मनातली शंका नोंदवून ठेवतो: लागला तर इथे रेझिस्टर बसेल, इथे कपॅसिटर. तांब्याच्या दोन पट्ट्या जास्त काढायला खर्च जवळजवळ शून्य. जागा ठेवली नाही आणि पुढे गरज पडली, तर आराखडा बदलायचा, बोर्ड नव्याने छापून आणायचे, नवं स्टेन्सिल, नवी जोडणी, पुन्हा सगळ्या चाचण्या. म्हणजे कित्येक आठवडे आणि बक्कळ पैसा. पीआर १४७ अशी एका शंकेच्या पोटी जन्मली.

तिचा निकाल लागतो तो चाचणीच्या खोलीत. त्यासाठी दूर तैवानला जायची गरज नाही, पनवेल महापालिकेच्याच हद्दीत, खारघरला ‘समीर’चं आवार आहे. मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजलेली आणि १९८४ मध्ये स्वतंत्र झालेली ही केंद्र सरकारची संस्था मायक्रोवेव्हवर संशोधन करते आणि विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या चाचण्याही करते. अशा चाचणीची खोली बाहेरच्या सगळ्या लहरींपासून बंद केलेली असते. आतल्या भिंतींवर कार्बन मिसळलेल्या फोमचे टोकदार सुळके लावलेले, लहरी परत उसळू नयेत म्हणून. यंत्र फिरत्या पाटावर ठेवतात, ठरावीक अंतरावर अँटेना एक मीटरपासून चार मीटरपर्यंत वरखाली होते, आणि ३० मेगाहर्ट्‌झपासून पुढे यंत्र किती कुजबुजतंय ते मोजलं जातं. मर्यादेबाहेर आवाज गेला तर तिथल्या तिथे सोल्डरिंग आयर्न तापवून पीआर १४७ वर रेझिस्टर चढवायचा, पीसी १४९ वर कपॅसिटर, आणि पुन्हा मोजायचं. मर्यादेच्या आत राहिला तर दोघी मोकळ्या.

आपल्या बोर्डाच्या बाबतीत तसंच झालं असणार. आणि त्यात आपला फायदाच आहे. स्नबर थरथर गिळतो म्हणजे ती ऊर्जा उष्णता करून टाकतो. तो नसला तर बॅटरीची तेवढी वीज वाचते. तिथे बसायचा पार्ट बोलावलाच गेला नाही, कारण त्याच्यावाचून काम उत्तम चाललं होतं.

मग निकाल लागल्यावर तिला पुसून का टाकत नाहीत? कारण पास झाला तो तिच्यासकटचा बोर्ड. इतक्या बारीक आखणीत एक पट्टी हलवली तरी शेजारच्या रेषा सरकतात, आणि तांबं बदललं की आधीच्या चाचणीचा निकाल त्या बोर्डाला लागू होत नाही. तिला काढण्यापेक्षा राहू देणं स्वस्त आणि सुरक्षित. पुढे कधी मॉस्फेटचा पुरवठादार बदलला आणि नव्या मॉस्फेटचा स्वभाव तापट निघाला, तर तिला बोलावणं येऊ शकतं. २०१८ मध्ये जगभर सिरॅमिक कपॅसिटरचा तुटवडा झाला, २०२० नंतर चिपांचा झाला. अशा वेळी एका चिपेसाठी दोन वेगवेगळ्या आकारांच्या जागा आखून ठेवणाऱ्यांचं काम चालू राहिलं. जी मिळेल ती चिप बसवायची, दुसरी जागा मोकळी.

सगळ्या बहिणींची कहाणी अशी शंकेची नाही. बोर्डाच्या मधोमध तिची सगळ्यांत थोरली बहीण आहे, ग्राफिक्स चिपेची. चौकोनात शेकडो टिकल्या, भोवती मेमरी चिपांच्या जागा, बाजूला त्यांच्या स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या कॉइलींच्या जागा. सगळं ओसाड. हा व्यापाराचा हिशेब. कंपनीला दोन मॉडेलं विकायची असतात, एक वेगळ्या ग्राफिक्स चिपेचं, एक तिच्याविना. दोन बोर्ड आखण्यापेक्षा एकच आखायचा आणि मशीनला दोन याद्या द्यायच्या. बोर्ड एकाच साच्यात मोठ्या संख्येने छापून घेता येतात, आणि बाजारात महाग मॉडेल खपेनासं झालं तर तोच कोरा बोर्ड स्वस्त यादीच्या वाट्याला जातो.

नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने इथे आधी नकाशा काढला. रस्ते पडले, गटारं झाली, विजेचे खांब उभे राहिले, प्लॉटना नंबर लागले, आणि माणसं नंतर आपापल्या सवडीने आली. पाण्याची लाइन हद्दीपर्यंत आलेली आणि आत नुसतं गवत, असे प्लॉट वर्षानुवर्षं दिसत. त्यांना कोणी चोरीला गेलेली घरं म्हटलं नाही. ग्राफिक्स चिपेच्या ओसाड चौकोनापर्यंतही तांब्याच्या सगळ्या रेषा अशाच येऊन थांबलेल्या असतात.

या घराण्यात काहीजणी मात्र रिकाम्या राहूनच नोकरी करतात. बोर्डावरच जोडलेली मेमरी कोणत्या कंपनीची, किती क्षमतेची, हे बायोसला, म्हणजे संगणक जागा करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, सुरू होतानाच कळावं लागतं. त्यासाठी रेझिस्टरच्या दोन-तीन जागा राखलेल्या असतात. बायोस हजेरी घेतं: इथे आहे, इथे नाही, इथे आहे. तीन जागांच्या हजर-गैरहजरीतून आठ वेगवेगळे निरोप देता येतात. मेकॅनिकने दुसऱ्या कंपनीची मेमरी लावली आणि हे रेझिस्टर हलवायचे विसरला, तर मेमरी चांगली, जोडणी चांगली, तरी स्क्रीन काळीच. इथे गैरहजर राहणं हेच काम आहे. ‘रिकामी दिसली, भरून टाकली’ असा उपकार कोणी केला तर घोटाळा होतो. काही जागा तर जोडीने असतात, हिच्यावर पार्ट बसला की तिच्यावर बसता कामा नये. दोन्ही भरल्या की शॉर्ट.

एखादी बहीण बोलघेवडीही असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक विक्रीला आला तेव्हा तो ४ आणि ८ गिगाबाइट अशा दोनच प्रकारांत मिळत होता. पण त्याच्या बोर्डावर मेमरीच्या शेजारी १ आणि २ गिगाबाइटचीही नावं छापलेली होती, आणि ज्याची त्याची क्षमता दाखवायला त्या त्या नावापाशी एकच रेझिस्टर बसवलेला. कंपनीने तोंड उघडण्याआधीच रिकाम्या जागांनी पुढचा बेत सांगून टाकला. २ गिगाबाइटचा प्रकार ऑगस्ट २०२४ मध्ये आला.

पीआर १४७ च्या पणजीचा तोरा मात्र निराळाच होता. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला. त्याच्या बोर्डावर ८०८८ या प्रोसेसरच्या शेजारी एक मोठं सॉकेट रिकामं होतं. ते ८०८७ साठी, म्हणजे दशांश अपूर्णांकांची आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या जोडचिपेसाठी. ज्याला गरज आणि ऐपत असेल त्याने चिप विकत आणावी आणि अंगठ्याने दाबून बसवावी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो आणला. त्याचे दोन प्रकार, ए आणि बी. बोर्ड एकच. ए वर १६ किलोबाइट मेमरीच्या आठ चिपा, बी वर ३२ किलोबाइटच्या सोळा. ज्यांनी स्वस्तातला ए घेतला, ते पुढे पैसे जमले की राहिलेल्या चिपा आणून घरीच त्याचा बी करत. आपल्याकडे १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पातून हेच बीबीसी मायक्रो भारतातल्या शाळांमध्ये पोचले.

त्या जागा गिऱ्हाइकाच्या होत्या. त्यांचा उल्लेख माहितीपुस्तिकेत असे, त्यांच्यासाठी चिपा दुकानात मिळत. पीआर १४७ ला असं कोणी विचारत नाही. ती कारखान्याची खासगी बाब. तिचा उल्लेख खोक्यावर नाही, पुस्तिकेत नाही, वॉरंटीच्या कागदावर नाही. ती आहे हे मालकाला कळतं ते लॅपटॉप बिघडल्यावरच.

कधीमधी मालक जागा परत मिळवतातही. २००२ मध्ये आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरवर पिनांसाठी पाडलेली मोकळी भोकं होती. इंजिनिअरांनी कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेली. हौशी मंडळींनी त्यांत पिना सोल्डर केल्या आणि राउटरच्या पोटात शिरून त्याला नवं सॉफ्टवेअर दिलं. आजही बंद पडलेला राउटर उघडला की मेकॅनिक आधी ओळीतली चार भोकं शोधतो: एक जमीन, एक पाठवायचं, एक घ्यायचं आणि एक ३.३ व्होल्टचं.

पण हे सगळीकडे जमत नाही. इंजिनिअरिंगची पोरं ग्राफिक्स चिपेचा ओसाड चौकोन दाखवून विचारतात, ‘‘दादा, लॅमिंग्टन रोडवरून चिप आणली तर बसवून द्याल?’’ दादा नकार देतो. चिप बसवणं अवघड आहे, पण प्रश्न एका चिपेचा नाही. तिच्यामागे मेमरी हवी, वीजपुरवठ्याचे मॉस्फेट आणि कॉइली हव्यात, भोवतीचे असंख्य बारके कपॅसिटर हवेत, हजेरीचे रेझिस्टर योग्य जागी हवेत, तिला ओळखणारं बायोस हवं, आणि शिवाय दमदार पंखा. एवढं सगळं करण्यापेक्षा दुसरा लॅपटॉप स्वस्त. पोरगं हिरमुसतं. त्याला वाटत असतं की जागा आहे म्हणजे आपल्याला येऊ देतील.

तेव्हा पीआर १४७ ला कमतरता म्हणणं चूक, आणि तिला चोरीचा पुरावा म्हणणं त्याहून मोठी चूक. तिच्यावर एक प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मोजून, तपासून ‘नको’ असं आलं. तिच्या शेजारच्या मॉस्फेटबद्दल तेवढं खात्रीने सांगता येणार नाही. हा लॅपटॉप दुकानात आला तो मॉस्फेटच शॉर्ट झाल्यामुळे. न बसवलेला पार्ट कधी जळत नाही.

काकांचा संशय तरीही मला सगळा खोटा वाटत नाही, तो फक्त चुकीच्या पत्त्यावर गेलाय. १९८१ च्या त्या पीसीबरोबर आयबीएमने तांत्रिक माहितीपुस्तक छापलं होतं. त्यात संपूर्ण बोर्डाचा नकाशा होता आणि बायोसचा अख्खा मजकूरही. कोणती जागा कशासाठी आणि ती का रिकामी, हे पैसे देऊन पुस्तक घेणाऱ्या कोणालाही वाचता येत होतं. आज तोच नकाशा मेकॅनिकला चोरीछुपे मिळवावा लागतो, आणि मालकाला तर तो असतो हेही माहीत नसतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून. लॅपटॉपच्या खोक्यात स्कीमॅटिकचा कागद येण्यापासून आपण अजून बरेच दूर आहोत. तो आला की पीआर १४७ च्या पुढची खूण काकांना स्वतः वाचता येईल, आणि पनवेलच्या मेकॅनिकला आपण चोर नाही हे सिद्ध करायला फोटो काढत बसावं लागणार नाही.